दिव्यांच्या वरचा काळोख

लाडक्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. डहाणूला माझं मेडिकल आहे. संध्याकाळची वेळ, समोर तिघं-चौघं उभे. "बाय, दादा पडला," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला, "खांबावरून?" "नाय गं. जमिनीवरच. बॉल मारला, वर बघत उभा होता, तसाच खाली बसला." पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. मी शटर ओढलं. पण खरं सांगते, तलासरी येईपर्यंत डोक्यात रडू नव्हतं, तो खांबच होता. कारण आठच दिवसांपूर्वी मी माझ्या भावाला फोनवर खोटारडा म्हटलं होतं.

मधूदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धंदा लाइटवाल्याचा. डहाणू-चिंचणीकडचे नाइट क्रिकेटचे सामने, लग्नाचे मांडव, नवरात्रातला गरबा, सगळीकडे त्याचे हॅलोजन आणि त्याचा जनरेटर. एका जागी बसणं त्याला जमलंच नाही. जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर. काही वर्षांपूर्वी हायवेलगतच्या एका रिसॉर्टने गोल्फचं मैदान केलं आणि रात्रीच्या खेळासाठी दिव्यांचं काम त्याला दिलं. आता, असे दिवे नीट बसलेत की नाही हे बॉल मारून बघितल्याशिवाय कळत नाही. मारणाऱ्याची सावली बॉलवर पडता कामा नये, आणि लांब पडलेला बॉल दिसला पाहिजे. पाहुणे अजून यायचे होते, म्हणून चाचणीपुरती काठी यानेच हातात घेतली. काम संपलं, काठी सुटली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर तलासरीच्या आमच्या माळावरचं गवत कापून झालं, तसे त्याने तिथे क्रिकेटचे चार जुने खांब रोवले, रंगाचे रिकामे डबे जमिनीत पुरून पाच होल केले आणि आमचं गवत कापणाऱ्या लाडक्याला भिडू केलं. लाडक्याचा हात विळ्याने तयार झालेला, त्यामुळे तोच सरस. "काय दादा, तुझा बॉल चारोटीला उतरला वाटतं!" असं तो ओरडायचा, आणि दादा म्हणायचा, "तू गप. तुझा मागच्या वर्षीचा अजून सापडायचाय."

मी अधूनमधून जायची, बघायला. दिवे होते वीस फुटांवर. चांगला मारलेला बॉल त्यांच्याही वर निघून जातो, आणि तिथे काळोख असतो. परत उजेडात येईपर्यंत त्याचं काय झालं ते कोणालाच कळत नाही. दादा तेवढा वेळ मोठ्याने मोजायचा. एक... दोन... तीन... मला ते थांबणं सहन व्हायचं नाही. "पडला असेल, चल पुढे," मी म्हणायची. "अगं, पडू तरी दे!"

गेल्या पावसाळ्यात त्याच्या बॅगेत डोळ्यांचे ड्रॉप्स सापडले, काचबिंदूचे. पिशवीवर चारोटीच्या दुकानाचं नाव. सख्ख्या बहिणीचं मेडिकल असताना हा माणूस औषध चारोटीहून आणत होता... मला कळू नये म्हणून. मग त्याने कबूल केलं: कडेचं दिसत नाही, काळोखात तर काहीच नाही. मी तिथेच अट घातली. कामावर माणसं ठेव, मी कोणापाशी बोलणार नाही, पण तू खांबावर चढायचं नाहीस. "शपथ घे." "शपथ कसली? नाही चढणार म्हटलं ना!"

दिवाळीत गेले तेव्हा तिसऱ्या खांबाचा बल्ब गेलेला होता. तसाच राहू दे, मी बजावलं. आणि मग तो शेवटचा फोन. दादा खुशीत. "चारही लागलेत. ये एकदा."
"बल्ब कोणी बदलला?"
"मीच."
"म्हणजे चढलास."
"नाही चढलो."
"मग बल्ब काय उडत गेला वर?"
"तू ये तर खरी, दाखवतो."
खोटारडा आहेस, म्हटलं आणि फोन ठेवला. दुकानात माल आला होता. गेले नाही.

डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला. अंगावर पडल्याचा ओरखडाही नव्हता. तरी मला चैन पडेना. चढला होता की नव्हता? गेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न घेऊन मी भांडी घासली, पाहुण्यांना चहा दिला, दोन रात्री अंगणात येरझाऱ्या घातल्या. माळ घरामागेच, मध्ये फक्त करवंदीची जाळी. पण तेराव्यापर्यंत तिकडे पाय वळला नाही. तेराव्याच्या संध्याकाळी ठरवलं, दिवे उतरवून कोणाला तरी देऊन टाकू. शिडी ओढायला लागले तर लाडक्या म्हणाला, "शिडी कशाला, बाय?"

चारही खांब कापलेले होते. मी हात वर केला की दिव्याला लागेल, एवढेच उरलेले. कापलेले तुकडे जाळीपाशी रचून ठेवलेले, आणि उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून दिव्यांना तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे आडोसे.

"खांब उपटून आडवे पाडले, दादानेच कापले, परत रोवले," लाडक्या म्हणाला. "मी बोललो, मी चढतो. तर नाय म्हणे. बायला शब्द दिलाय, म्हणजे कोणीच चढायचं नाय."

"त्याला दिसत नव्हतं, ठाऊक होतं तुला?"

"बॉल कुठं पडला ते मीच सांगत होतो ना!"

मी शिडी परत नेऊन ठेवली. दुसरं काय करणार? दिवे खाली आणले म्हणजे काळोखही तेवढा खाली येतो, हे लाइटवाल्याला कोणी शिकवायला नको. बॉल लवकर दिसेनासा होणार, मोजणं लांबणार. तरी त्याने करवत चालवली.

दिवे तिथेच आहेत. दर रविवारी दुकान बंद करून जाते. गेल्या खेपेला दुसऱ्या खांबाचा बल्ब गेलेला होता. जमिनीवर उभी राहून, हात वर करून, मी बदलला. मग लाडक्याने बॉल मारला. तो डोक्यावर जातो न जातो तोच नाहीसा झाला. 'पडला असेल, चल पुढे,' अगदी ओठांवर आलं होतं... मी मोजायला लागले.