गाइडमधलं एक उत्तर

मी लिहावं असं माझ्याकडे काही आहे का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. तुमचा वेळ घेतो आहे, राग मानू नका. पण झालं ते असं.

"हात दाखव," भाऊसाहेब म्हणाले.

मी दाखवले. तळवे वर. शाळेत छडी खाताना धरतात तसे.

गिरगावात त्यांचा छापखाना. शाळेची गाइडं काढायचे. सकाळचं कॉलेज करून मी दुपारी तिथे प्रूफं काढायचो. जुळवलेल्या खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या अक्षरांवर, शाईचा रूळ फिरवायचा, वर कागद दाबायचा, अलगद उचलायचा. नखांत शाई राहायचीच. त्या दिवशी छापखान्यात कॉम्प्युटर आला होता. त्याला वेगळी काचेची खोली, आत एसी. चपला बाहेर. पडद्याला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, पेढे वाटले. मी धीर करून विचारलं होतं, "मला शिकवाल का?"

भाऊसाहेबांनी माझी मनगटं धरून हात सगळ्यांना दाखवले. "बघा! बापाने गिरणी बंद पाडली. आता पोरगा माझं मशीन बंद पाडणार."

सगळे हसले. खिळे जुळवणारे राणेकाकासुद्धा. मीही हसलो. तोंडात पेढा होता.

राग आला नाही. काहीच आलं नाही. लालबागपर्यंत चालत घरी आलो आणि जेवलो.

माझे वडील सतरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. गिरणी कामगारांचा संप लांबला. शेवटी ते कामावर परत गेले, तेव्हा गेटवरच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. तीन दिवस डबा घेऊन जात राहिले. चौथ्या दिवशी गेले नाहीत. हे मला भाऊसाहेबांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

कॉम्प्युटर मात्र शिकलो. काचेतून. ऑपरेटर मुलीची बोटं बघत कुठलं अक्षर कुठे ते पाठ केलं. जुन्या कॅलेंडरच्या मागे सगळी बटणं काढली आणि घरी त्यावर बोटं चालवू लागलो. माझी धाकटी बहीण सुमन शब्द सांगायची.

"क्षत्रिय लिही. कुठाय क्ष? बघ, हरलास!"

मे महिन्यात ती ऑपरेटर लग्न होऊन गेली. शाळा उघडायच्या आत आठवीचं इतिहास-नागरिकशास्त्राचं गाइड बाजारात जायला हवं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "साबणाने हात धू. दोनदा. आणि बस."

बसलो. टाइप करताना अर्थ डोक्यात शिरत नाही. डोळ्यांतून अक्षर येतं, बोटांतून जातं. दोन आठवड्यांत गाइड पुरं केलं. भाऊसाहेब म्हणाले, "हात चांगला चालतो रे तुझा." मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

मग प्रूफ वाचायला बसलो. आमच्याकडे एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कॉपीशी, म्हणजे हस्तलिखिताशी, ताडून बघायचं. मी वाचत होतो, राणेकाका ताडत होते.

"प्रश्न. मुंबईतील कापडगिरण्या बंद का पडल्या, प्रश्नचिन्ह. उत्तर. कामगारांचा आळशीपणा व हटवादीपणा यांमुळे, स्वल्पविराम..."

मी वाचायचा थांबलो.

"वाच रे," राणेकाका म्हणाले. "कॉपीत तसंच आहे."

कॉपीत होतं. मी ते टाइप केलं होतं. एकही अक्षर न चुकता.

प्रूफ घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "हे खोटं आहे."

"मार्क मिळतात ना? मग झालं."

"माझे वडील..."

"तुला टाइप करायला बसवलंय. विचार करायला नाही." मग गाइडची फ्लॉपी हातात घेऊन समजावल्यासारखं म्हणाले, "अरे, खिळे असते तर छापून झालं की सोडवा, पुढच्या वर्षी पुन्हा जुळवा. आता ती कटकट नाही. मुखपृष्ठ बदललं की नवीन गाइड. तुझं काम कायमचं राहणार!"

"ते वाक्य मी काढतो."

"हात लावायचा नाही."

"मग मी पुढचं काही टाइप करणार नाही."

"बाहेर दहा जण उभे आहेत."

"असतील."

एवढंच बोललो. काचेच्या दाराबाहेर चपला घातल्या आणि निघालो.

घरी सांगितलं, नोकरी सोडली. का, ते सांगितलं नाही. वडील म्हणाले, "सोडलंस? बरा केलंस." आणि कूस बदलली.

जूनमध्ये सुमन आठवीत गेली. तिच्या बाईंनी वर्गाला तेच गाइड घ्यायला सांगितलं. उत्तरं त्यातूनच पाठ करायची. मी तिच्या वहीत दुसरं उत्तर लिहून दिलं. कामगार परत गेले होते, त्यांना आत घेतलं नाही. असं चार ओळींत.

"मग गाइडमध्ये असं का नाही रे दादा?"

"छापणाऱ्यांची चूक," मी म्हणालो. तेही खोटंच.

सहामाहीचे पेपर मिळून बरेच दिवस झाले होते. सुमन म्हणायची, अजून मिळाले नाहीत. काल तिची मैत्रीण जिन्यात भेटली आणि सहज बोलून गेली. सुमनने त्या प्रश्नाला माझं उत्तर लिहिलं होतं. चार ओळी, जशाच्या तशा. शून्य मिळालं. मी सुमनकडून पेपर मागून घेतला. त्या चार ओळींवर काट मारलेली आहे आणि बाजूला बाईंनी लाल शाईत लिहिलं आहे, "गाइड पाहा."

आज वडिलांना सगळं सांगणार आहे. उद्या पेपर घेऊन शाळेत जाणार. बाईंसमोर उभा राहून म्हणणार, गाइडमधलं ते उत्तर मी टाइप केलंय, आणि ते खोटं आहे.