मरळ नावाचा कम्प्युटर

विनायकभाऊ गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर आली तेव्हा मी जवाहरनगरहून भंडाऱ्याला येणाऱ्या बसमध्ये होते. आमच्या ऑफिसचं सगळं नेटवर्क सांभाळणारा माणूस, सकाळी उठला आणि अंगणातच कोसळला... शेजारच्या बाईंनी विचारलं, घरचं कोणी होतं का? मी नाही म्हटलं आणि उरलेला रस्ता रडत आले. आता महिना उलटून गेला. मधल्या काळात एक गोष्ट कळली, म्हणून लिहायला बसले.

भाऊ आंधळगावचे, तलावात मासेमारी करणाऱ्या घरातले. कम्प्युटरना नंबर द्यायचे सोडून या गृहस्थानं माशांची नावं दिली होती. साहेबांच्या केबिनमधला रोहू, हिशेबवाल्यांचा कतला, प्रिंटरजवळचा बारकासा झिंगा, आणि खिडकीपाशी माझा मरळ. वरच्यांनी नाक मुरडलं तर म्हणाले, "नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते साहेब? मासा राह्यते." मशीन बिघडलं की अख्खा हॉल ओरडायचा, "भाऊ, झिंगा मेला!" भाऊ कोपऱ्यातल्या, पाण्याच्या माठासमोरच्या आपल्या खुर्चीवरून सावकाश उठायचे.

माझी मात्र त्यांच्याकडे एक जुनी तक्रार होती. माझं लॉगिन मरळशिवाय कुठेच चालायचं नाही. दुसरीकडे पासवर्ड टाकला की पडद्यावर यायचं, तुम्हाला हा कम्प्युटर वापरता येणार नाही, दुसरा वापरून बघा. मरळ रुसला की मी हातावर हात ठेवून बसून. भांडायला गेले की भाऊ गावाकडचं उदाहरण द्यायचे. "आमच्याकडं कसं हाय ताई, मानूस तोच, जाळं तेच, पन तलाव ठरलेला. दुसऱ्याच्या तलावात जाळं टाकलं का भांडन. तुमचा तलाव मरळ." देयकांचं काम माझ्या हाती, म्हणून हा नियम असेल, असं मी धरून चालले होते.

हे सुरू झालं त्या काळी केबिनमध्ये जे साहेब होते, त्यांना एक खोड होती. सगळे निघायच्या वेळेला ते मला आत बोलवायचे. "इथूनच लॉगिन करा, मी बघतो," म्हणायचे, आणि बघताना माझ्या खुर्चीला टेकून उभे राहायचे. हात खुर्चीवरून खांद्यावर यायचा... मी घरी बोलले नाही, ऑफिसात तर नाहीच. 'हिच्यासोबतच कसं असं होते' म्हणणारी तोंडं मला पाठ होती. नोकरी सोडायचं मनाशी जवळजवळ ठरलं होतं, आणि एका सोमवारी रोहूनं माझा पासवर्ड नाकारला. साहेबांनी भाऊंना बोलावलं. "यांचं लॉगिन इथं काहून नाही चालून राहिलं?"

"नियमच तसा हाय साहेब. देयकाचं लॉगिन एकाच मशीनवर. वरून विचारतीन त मी काय सांगू?"

साहेब भरल्या हॉलमध्ये मरळपाशी येऊन दोनदा उभे राहिले, मग तेही थांबलं. पुढे त्यांची बदली झाली आणि मी नोकरीत टिकले.

भाऊंच्या जागी नागपूरहून एक मॅडम आल्या. मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "ताई, असा काही नियमच नाहीये. ऑफिसात कोणीही कुठेही बसू शकतं. फक्त तुमच्या एकटीच्या खात्यात एका कम्प्युटरचं नाव टाकून ठेवलंय. कशासाठी?" मी पडद्याकडे बघतच राहिले. रिकामी चौकट आणि तिच्यात एकुलता एक मरळ.

म्हणजे भाऊंना माहीत होतं? पण कसं? मी तर चकार शब्द काढला नव्हता. ते कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. रविवारी आंधळगाव गाठलं. वहिनी ओसरीवर भाजी निवडत होत्या. आडून आडून विचारलं, तर त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. "तुमीच का त्या? हे सांगत जायचे ना... एक बाई केबिनीतून निंगाली का सीधी माठावर जाते, गिलास भरून पानी पिते, तोंड धुते. रोजचंच. म्हने, इतकी तहान कोनाले लागत नाही."

मला तिथे हुंदका आवरला नाही. इतकी वर्षं मी त्या माणसाशी त्याच गोष्टीवरून भांडत होते, आणि तो मला तलावाच्या गोष्टी सांगत होता.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी. केबिनमधले आताचे साहेब भले आहेत.

"मग मोकळं करू का तुमचं लॉगिन?" मॅडमनी विचारलं.

मॉनिटरच्या कोपऱ्यात भाऊंच्या हातची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, शाई पुसट झाली तरी 'मरळ' वाचता येतं. मी म्हटलं, "करा. पण पुढे कुणाला लागलं, तर असं करता येईल ना?"

"येईल की. मला सांगायला हवं फक्त."

"त्यांना सांगावं लागलं नव्हतं," मी म्हणाले.

ऑफिसात आल्या आल्या मॅडमनी भाऊंचं टेबल फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं, पडद्यावर उजेड येतो म्हणून. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले तर टेबल पुन्हा जुन्या जागी होतं, माठासमोर.