मागून जाताना द्यायचा आवाज

उल्हासनगरच्या त्या हॉटेलच्या किचनमध्ये एक रीत होती. हातात तापलेलं काही घेऊन कुणाच्या मागून जायचं, तर "गरम" असा आवाज द्यायचा. पुढचा माणूस मान न वळवता ओट्याला चिकटायचा.

मॅनेजरचा वेगळाच नियम होता. स्टाफमध्ये जोडी जमली की दोघांपैकी एकाला काढायचं.

मी तळणीवर होते, तो तंदूरवर. तो मांजर्लीहून यायचा, मी अंबरनाथहून. आमचं जमलंय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पण माझा "गरम" ऐकला की तो ओट्याला चिकटण्याऐवजी वळून हसायचा. कणीक मळणाऱ्या मावशींनी ते हेरलं.

"काय गं, तुझ्या आवाजाने तंदूर जास्तच पेटतो."

सगळे हसले. तेव्हापासून मी सगळ्यांना आवाज द्यायचे, फक्त त्याला नाही.

एका रविवारी दुपारी ऑर्डरी थांबत नव्हत्या. मॅनेजर दारातून ओरडत होता, "हाथ चलाओ, बाहेर लोक उभे आहेत." मी तेलाची कढई घेऊन तंदूरपाशी त्याच्या मागून निघाले, तेवढ्यात तो सळई ओढत मागे सरकला. तेल त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत गेलं.

तो नळाखाली हात धरून उभा असतानाच मॅनेजरने मला विचारलं, "आवाज दिला होतास?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "दिला होता, सर. माझंच लक्ष नव्हतं."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी कढईकडे.

"लक्ष नसेल तर उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर म्हणाला.

माझे वडील आनंदनगरच्या कारखान्यात होते. युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. चौकशीशिवाय कामगाराला काढता येत नाही, हे मला तेव्हापासून पाठ होतं. ते मी तिथे म्हणाले नाही. चौकशी झाली असती तर मलाही उत्तर द्यावं लागलं असतं.

पुढे त्याने माझा फोन उचलला नाही. नोकरी माझी राहिली. त्या मॅनेजरविरुद्ध नंतर मी तक्रारीची पानंच्या पानं लिहिली. मी आवाज दिला नव्हता, एवढं एक वाक्य त्यात कधी आलं नाही.

आता घरी चहाचं पातेलं उचललं तरी तोंडून "गरम" निघतं. आई बाहेरून विचारते, "कुणाला सांगतेस? तिथे कोणीये?"

कुणी नसतं. तरी कुणीतरी ओट्याला चिकटेल म्हणून मी क्षणभर थांबते.