तिजोरीतलं तिसरं पाकीट

दसऱ्याची सुट्टी संपून युनिट उघडलं, त्या सकाळी बॉक्सवर लाल दिवा लागलेला होता. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, त्यावर झेंडूचा हार. हार बाजूला केला आणि स्क्रीनवरची ओळ वाचली. आत एकही 'की' शिल्लक नव्हती.

"हा कोणी उघडला?" मी ओरडलो.

आमचा फिटर गजानन समोरच होता. "मीच खोलला ना साहेब. नवमीले समद्या मशिनी खोलून साफ केल्या. याच्यातही ब्लोअर मारला. लय धूळ होती बाप्पा आत."

त्याला काय बोलणार, कपाळ? आमच्या शेठजींचं घराणं जिनिंगवालं, म्हणजे कापसातून सरकी काढणारं. दसऱ्याआधी प्रत्येक मशीन खोलायची, पुसायची, तेल द्यायचं आणि मग पूजा करायची, हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. वर्ध्याजवळच्या त्या जिनिंगच्या आवारातच शेठजींनी स्मार्ट कार्डाचं युनिट टाकलं होतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कापसाचे दिवस जाणार, आता कॉम्प्युटरचे येणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. युनिट नवीन, रिवाज जुनाच. बॉक्स खोलायचा नाही, असं मी गजाननला कधी सांगितलंच नव्हतं. झाकणावर इंग्रजीत स्टिकर होता. तेवढ्यावर मी मोकळा झालो होतो.

त्या बॉक्सचं खरं नाव एचएसएम. एका दूध संघाला सभासदांसाठी कार्डं हवी होती. कार्डावर सोनेरी चिप असते. ती कोणालाही आपल्यात लिहू देत नाही, तिला की लागते. की म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, आणि तो या बॉक्सच्या पोटात राहतो. कोणी झाकण उघडलं की बॉक्स त्याला चोर समजतो आणि आतलं सगळं पुसून टाकतो. चोर कोण आणि गजानन कोण, हे त्याला कळत नाही.

असं झालंच तर काय, याचीही सोय असते. की बसवताना तिचे तीन भाग करतात. प्रत्येक भाग बत्तीस अक्षरांचा, त्यात आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं. तीन माणसं, तीन कागद, तीन सीलबंद पाकिटं. एकट्याच्या हाती काही लागत नाही. तिघांनी आपापला भाग टाकला, की ती पुन्हा तयार. आमची तीन माणसं म्हणजे शेठजी, मी आणि अकाउंट्सचे वानखडे काका. बॉक्स विकणाऱ्या कंपनीनं सांगितलं होतं की बॅकअपला दुसरा बॉक्स घ्या. शेठजी म्हणाले, "एक चलते तर दुसरा कायले?" मीही फार ताणलं नाही.

वानखडे काका रोज आर्वीहून एसटीनं यायचे. जन्म जिनिंगच्या हिशेबात गेलेला. पावकी, निमकी, औटकी असे सगळे पाढे तोंडपाठ. कॅल्क्युलेटर टेबलावर असायचा, पण त्याच्यावर ते चष्मा ठेवायचे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती.

मी शेठजींच्या केबिनमध्ये गेलो. झालं ते सांगितलं.

"तर टाका ना पुन्हा," शेठजी म्हणाले. "तीन लिफाफे आहेत ना?"

"आहेत."

"दिवाळीच्या आत माल द्यायचा आहे, ध्यानात आहे ना? नाई गेला तर मी हे दुकान बंद करतो. साफ सांगून राह्यलो."

ती नुसती धमकी नव्हती. स्टोअरमधल्या सगळ्या चिप आम्ही आधीच आमच्या कीनं बंद करून ठेवल्या होत्या. की नाही तर त्या चिप म्हणजे प्लास्टिकच्या टिकल्या. सभासदांना आधी वाटलेल्या कार्डांनाही तीच की होती, म्हणजे नवी की बसवून भागणार नव्हतं.

शेठजींनी तिजोरी उघडली. आत दोन पाकिटं होती. एक माझं, एक त्यांचं.

काकांना बोलावलं. ते चष्मा पुसत आले.

"काका, तुमचं पाकीट?"

"ते नाई ना साहेब. जाळलं मी."

"जाळलं?" शेठजी खुर्चीतून उठलेच.

"पाठ केलं आणि मंग जाळलं," काका शांतपणे म्हणाले. "साहेबांनीच सांगतलं होतं, कोनाच्या नजरेस पडू देऊ नका म्हणून."

"अहो, मी तिजोरीत ठेवा म्हटलं होतं!"

"म्हटलं होतं. पण तिजोरीची चाबी तर शेठजीजवळच. तीनही कागद एकाच मानसाच्या चाबीखाली ठेवाचे, तर तीन मानसं केली कायले?"

अख्ख्या युनिटमध्ये तो नियम एकाच माणसाला समजला होता, आणि तो माणूस मी नव्हतो.

"बरं, पाठ आहे ना?" शेठजी म्हणाले. "मग बोला."

काकांनी डोळे मिटले आणि पाढा म्हणावा तशी बत्तीस अक्षरं न अडखळता म्हणून दाखवली. मी लिहून घेतली, बॉक्समध्ये टाकली. प्रत्येक भाग टाकला की बॉक्स सहा अक्षरांची एक खूण दाखवतो. ती आधीच्या खुणेशी जुळली की भाग बरोबर. जुनी खूण माझ्या रजिस्टरमध्ये होती. जुळली नाही.

"पुन्हा सांगा."

या वेळी मधली दोन अक्षरं वेगळी आली. काकांच्याही ते लक्षात आलं.

"पहिल्यांदा सांगतलं तेच बरोबर असन," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाई. थांबा."

तीन दिवस आम्ही बसलो. सात-आठदा चुकलं की बॉक्स काही वेळ अडून बसायचा, मग पुन्हा सुरुवात. एखाद-दुसरं अक्षर चुकलं असतं तर मी प्रोग्राम लिहून शोधलं असतं. लिहिलाही. पण नेमकं कुठे आणि किती चुकलं, हेच काकांना सांगता येईना. शेठजी तासातासाला दारात येऊन उभे राहायचे. त्यांना पाहिलं की काकांच्या तोंडून निघत होतं तेही बंद व्हायचं. गजाननने चहा आणला तर काका म्हणाले, "नको बाप्पा, ध्यान जाते." तिसऱ्या दिवशी ते पाढेसुद्धा अडखळत म्हणायला लागले. ते मला बघवेना.

"साहेब, पयले दोन-तीन मयने मी रोज एसटीत म्हनत होतो," ते म्हणाले. "मंग वाटलं, आता कायले लागते. कोनी विचारलंच नाई."

हे माझ्या वर्मी लागलं. कारण विचारायचं काम माझं होतं. दर महिन्याला तिजोरी उघडून पाकिटं मोजायची, सील बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. मी दर महिन्याला लिहायचो, 'तीनही पाकिटं पाहिली, ओके.' टेबलावर बसूनच लिहायचो. तिजोरी उघडायला शेठजींना कोण सांगणार, म्हणून. पहिल्याच महिन्यात मोजली असती तर दोन निघाली असती. तेव्हा काकांना सगळं घडाघडा म्हणता येत होतं. कागदावर उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागली असती.

चौथ्या दिवशी दूध संघाला कळवावं लागलं. त्यांनी ऑर्डर रद्द केली आणि रिपोर्ट मागितला.

"लिहा, वानखड्यानं लिफाफा गहाळ केला," शेठजी म्हणाले.

"बॉक्स पूजेसाठी खोलला, हे पण लिहावं लागेल."

"मी सांगतलं म्हणून खोलला, असं लिहिता का? आणि तुमचं ते रजिस्टर, तेही जोडता का?"

त्यांना माहीत होतं. वर्ध्याला लागून पिपरी मेघेत प्लॉट घेऊन घराचं बांधकाम काढलेलं, नोकरी ही एवढी एकच. मी रिपोर्ट लिहिला. दीड पान, इंग्रजीत. झाकण 'मेंटेनन्सच्या वेळी' उघडलं गेलं. 'कस्टोडियनने आपला भाग नियमाप्रमाणे जपला नाही.' कस्टोडियन म्हणजे वानखडे काका. प्रत्येक वाक्य खरं होतं. रजिस्टर जोडलं नाही.

रिपोर्टवर तिघांच्या सह्या हव्या होत्या. शेठजींनी केली, मी केली. कागद काकांसमोर ठेवला. त्यांना इंग्रजी हिशेबापुरतं यायचं.

"काका, वाचून दाखवू?" मी विचारलं.

"कायले? तुमी लिवलं म्हंजे बराबरच असन," ते म्हणाले आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात सही केली. खाली तारीखही घातली.

आठवड्याभरात त्यांना कामावरून कमी केलं. सगळ्या जिनिंगमध्ये बोभाटा झाला, की वानखड्यानं घात केला. होळीच्या आत युनिट बंद झालं. चिप भंगारात गेल्या. मला नागपुरात दुसरी नोकरी लागली, त्याच कामाची.

आता मी नव्या पोरापोरींना हे काम शिकवतो. पहिल्या दिवशी एकच सांगतो. पाकीट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'पाहिलं' असं लिहायचं नाही. पोरं वहीत उतरवून घेतात. त्यांना वाटतं, सर फार काटेकोर आहेत.