माळ्यावरची रिळं

महाडच्या बंदराजवळ कुशाबा खोतांचं भाताचं कोठार होतं. त्यात सात वर्षं सिनेमा चालला. यंत्राचा दांडा फिरवायला हैबती होता. तो मूळचा तुडीलचा. हे काम मुंबईत एका थिएटरात शिकला आणि येताना डाव्या मनगटावर भाजल्याचा पांढरा डाग घेऊन आला. तिथे एकदा रीळ पेटलं होतं. लोकांनी बादल्या ओतल्या, तरी फीत पाण्याखाली जळतच राहिली. हैबतीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याविषयी तो कुणाशी बोलत नसे.

पुढे बोलपट आले आणि मुके खेळ मुंबईहून यायचे थांबले. तेहतीस सालच्या शिमग्यानंतर खोतांनी सिनेमा बंद केला. यंत्र पनवेलच्या एकाने नेलं. पावसाळ्यात बोटी बंद पडत, तेव्हा दाखवायला म्हणून खोतांनी काही जुनी रिळं विकत घेऊन ठेवली होती. ती कुणालाच नको होती. खोतांनी हैबतीला ती नदीत फेकून द्यायला सांगितलं.

हैबती हो म्हणाला. पण दर खंडेनवमीला यंत्राबरोबर रिळांच्या डब्यांनाही त्याने हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता. पुजलेली वस्तू अशी उचलून कशी फेकायची? ती गणपतीबरोबर वाहत्या पाण्यात सोडावी, असं त्याच्या मनाने घेतलं. तोवर डबे कोठाराच्या माळ्यावर नेऊन ठेवले आणि खोतांना सांगितलं, टाकली.

भाद्रपद आला. विसर्जनाला घाटाच्या पायरीवर आपला गणपती घेऊन स्वतः खोतच उभे होते. त्यांच्यादेखत डबे न्यायचे कसे? हैबती नुसता हात जोडून परत आला. पुढच्या भाद्रपदात बघू, असं त्याने ठरवलं.

दिवाळीनंतर खोतांनी ते कोठार राहीबाई नावाच्या बाईला भाड्याने दिलं. तिने तिथे खानावळ काढली. बंदरावरचे तांडेल आणि मुंबईला जाणारी माणसं तिच्याकडे जेवत, तिथेच पथारी पसरत. राहीबाईने चूल मांडली ती नेमकी माळ्याखाली.

हैबतीला ते कळलं. सांगावं तर खोतांशी खोटं बोलल्याचं उघडं पडणार. त्याची झोपडी खोतांच्या जागेत होती, पोट त्यांच्याच शेतावर. न सांगावं तर चूल रोज पेटत होती. रात्रीही तिथे माणसं निजलेली, त्यामुळे डबे गुपचूप काढणंही जमेना. तो रोज दुपारी तिथे जेवायला जाऊ लागला. दाराशी बसे आणि वर बघत जेवे. राहीबाई त्याची चेष्टा करी. म्हणे, दादा, पडदा तिकडं व्हता, तुमी आढ्याला काय बघता? बाकीचे हसत. एकदा त्याने चूल पडवीत हलवायला सुचवलं. वाऱ्याने भाकरी करपेल, असं तिने उत्तर दिलं.

चैत्र आला तशी कौलं तापू लागली. माळ्यावरून आंबूस वास येऊ लागला. राहीबाईला वाटलं, कुठे तरी उंदीर मेलाय. हैबतीने तो वास ओळखला. डब्यात फीत सडू लागली की असाच वास येतो. मग तिला पेटायला ठिणगीही लागत नाही, नुसती धग पुरते. त्या दिवशीही तो जेवून घरी गेला.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा राहीबाई पदर खोचून शिडीवर चढत होती. पावसाळ्याचं सरपण ठेवायला तिला माळा झाडायचा होता. वर अंधार, म्हणून हातात पेटती चिमणी.

"राहीबाई, चिमणी खाली ठेव," हैबती म्हणाला.

"का ओ? वर काय भूत हाय?"

"वर माझी रिळं हायत. माणसासकट कोठार जाईल. खाली उतर गो."

त्याचा चेहरा पाहून ती उतरली. चिमणी फुंकली, चुलीत घागर ओतली आणि जेवणाऱ्यांना ताटांवरून उठवलं. मगच ती त्याच्याकडे वळली.

"सहा महिनं माझ्या डोक्यावर हे ठेवून तुमी माझ्या हातचं जेवलात?"

हैबतीने एकट्याने डबे ओल्या गोणपाटात गुंडाळून उतरवले आणि भर दुपारी, सगळ्या बंदरादेखत नदीत सोडले. कुठल्या सणाची वाट पाहिली नाही. वर अकरा ठेवले होते. उतरले नऊ.

राहीबाई शपथेवर म्हणाली, मी माळा पाहिलेलाच नाय. खोत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हैबतीला आठ दिवसांत झोपडी मोकळी करायला सांगितलं. जाताना एवढंच बोलले की गेल्या वैशाखात कौलं शाकारायला वरंधकडची माणसं आली होती, त्यांना विचार.

हैबती दुसऱ्याच दिवशी वरंधला गेला. चार वाड्या फिरला. पाचव्या वाडीत ठमाबाई नावाच्या म्हातारीने एक डबा आणून पुढे ठेवला. त्यात मीठ होतं. दुसऱ्यात बियाणं हाय, म्हणाली. पोरगा शाकारणीला गेला व्हता, त्याला कोठारात गावले.

"आत काय होतं?"

"काळी फीत व्हती. लांबच लांब. पोरगा म्हणाला दोरीपरास बरी हाय, तुटत नाय. कवळाचे भारे बांधायला समद्या वाड्यांनी नेली."

कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या. त्या भाताच्या रोपांच्या जागेवर पसरून जाळतात, त्यालाच राब भाजणं म्हणतात. तोवर भारे घराला लागून रचलेले असतात, गोठ्याच्या कुडालाही टेकवलेले असतात.

"कुणाकुणाच्या घरी गेली?"

"आता ते कसं सांगू रे बाबा? कुणी हात, कुणी दोन हात, ज्याला लागली त्यानं नेली."

हैबती अंगणाच्या कडेला आला. खालच्या उतारावर तीन ठिकाणी राब पेटले होते. चौथ्या ठिकाणी एक बाई डोक्यावर भारा घेऊन खाचराकडे चालली होती, मागून तिची लेक हातात निखाऱ्यांचं खापर घेऊन येत होती. त्याने वरून हाक मारली. वारा उलटा होता. मग तो उतारावरून पळत सुटला.