शिकारीच्या गाडीला झेंडूचा हार

"बाबा, ब्रेक! अहो ब्रेक! तो खांब आहे, खांब!"

माझ्या बायकोचा हा आवाज ऐकून सिंगापुरातल्या टॅम्पिनीस स्टेशनातली एमआरटी मेट्रो दारं उघडी ठेवून थांबली, असं लोक सांगतात. सांगणारा आतापर्यंत मी एकटाच आहे, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, माझे सासरे एका खांबाच्या दिशेने निघाले होते. ते बसले होते आम्ही बनवलेल्या गाडीवर, आणि ती खांबाच्या वीतभर अलीकडे थांबली. शेजारी सोंगट्यांचा पट मांडून बसलेल्या दोन चिनी अंकलपैकी एकाने मान वर केली.

"अंकल, धिस वन टँक, इज इट?"

"डिअर हंटिंग," सासरे म्हणाले.

अंकलनी मान हलवली आणि आपली सोंगटी पुढे सरकवली. सिंगापुरात लोक दुसऱ्याच्या कामात उगाच नाक खुपसत नाहीत.

आता हे सांगितलं पाहिजे की सिंगापुरात शिकार करता येत नाही. बंदूक राहू द्या, गलोलीचा नुसता विचार मनात आला तरी खिशातला पासपोर्ट गरम होतो. सासरे बोलत होते ते फोटोच्या शिकारीबद्दल. पण 'फोटो' हा शब्द ते गाळायचे. त्याने वाक्याचं वजन जातं, असं त्यांचं मत होतं.

ही दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची गोष्ट. सासरे बँकेतून निवृत्त झालेले आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. आदल्या वर्षी ते जिन्यात घसरले, गुडघा गेला, आणि त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना उचलून टॅम्पिनीसला आणलं. आणलं ते पाहुणे म्हणून. पण पुढे तिच्या मनात आलं की आता त्यांनी परत जाऊच नये आणि कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्यावा. मुंबईच्या तिच्या भावाने भाडेकरूही शोधला. अडलं होतं ते फक्त किल्लीवर. किल्ली सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि तो शर्ट ते धुवायलाही किल्ली काढूनच टाकत.

"मी एकटा राहू शकतो," ते म्हणायचे.

"बाबा, तुम्ही लिफ्टपर्यंत एकटे जाऊन दाखवा," ती म्हणायची.

लिफ्टपर्यंत ते जायचे. पण कोपराला कुणी ना कुणी धरलेलं असे. बायको नसली तर मी, मी नसलो तर शेजारची मलय मावशी. त्या वर्षात त्यांचं कोपर मोकळं असं मी पाहिलंच नव्हतं.

अशात कुणीतरी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की उत्तरेला जलाशयाच्या कडेच्या जंगलात सांबर दिसतं. सासऱ्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि जेवताना जाहीर केलं, "मी एकटा जाणार आणि त्याचा फोटो काढून आणणार. आणला तर मी कोथरूडला. नाही आणला तर किल्ली तुझी."

बायकोने पोळी खाली ठेवली. ती त्यांचीच मुलगी आहे, त्यामुळे नाही म्हणाली नाही, कलम जोडलं. "मदतीला एकदा जरी हाक मारलीत, तरी किल्ली माझी."

"मान्य," सासरे म्हणाले. "जावईबापू, ताक द्या."

जंगलातली वाट खडीची, आणि गुडघा तर असा. म्हणजे गाडी हवी. शेजारच्या ब्लॉकमधल्या एका आजींनी नवी मोबिलिटी स्कूटर घेतली होती. म्हातारी माणसं बसून बाजारात जातात ना, ती बॅटरीवरची, पुढे टोपली असलेली. त्यांची जुनी आम्ही आणली. आम्ही म्हणजे मी आणि बुकित तिमाहच्या कॉन्डोत राहणारा माझा मित्र. हा मित्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, पण मुळातला पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. पदवी मिळाल्यापासून त्याने स्वतःच्या हाताने घट्ट केली होती ती फक्त टायची गाठ. पाना हातात घेतला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं गंजाने. तो म्हणाला, "नाही रे, आनंदाने."

आम्ही काम तसंच केलं जसं आम्हाला करता येतं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी व्हॉइड डेकवर उभ्याउभ्या मीटिंग. काल काय झालं, आज काय होणार, अडचण काय. फेज वन, फेज टू. गाडीवर जे बसणार होते ते पलीकडच्या बाकावर पेपर वाचत असायचे. त्यांना मीटिंगला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ऑफिसात तरी कोण बोलावतं?

गाडीला आम्ही बागेतल्या ढकलगाडीची चाकं लावली. ती इतकी मोठी होती की गाडी उभी केली की खालून मांजर ताठ शेपटीने पलीकडे जायचं. वरून गाडीला बायकोची मेहंदी रंगाची जुनी साडी गुंडाळली, म्हणजे झाडीत झाडी. ऑफिसात मॉनिटर धरून ठेवणारा वाकता दांडा असतो, तो हँडलला बसवून त्यावर मित्राचा कॅमेरा. त्याची लेन्स एवढी लांब की आमच्या ब्लॉकमधून रोखली तर खाडीपलीकडे मलेशियातल्या जोहोरमध्ये कोण जांभई देतंय ते कळावं. उलटं जाताना गाडी पीं-पीं करायची, ती वायर तोडली. पाण्याची बाटली, चहाचा थर्मास, दशम्यांचा डबा, सगळं बसल्या जागी हाताला लागेल असं. डबा खडखडू नये म्हणून पंच्यात गुंडाळला. आणि हँडलच्या मधोमध एक लाल बटण. ते दाबलं की ट्रकचा भोंगा वाजणार आणि आम्ही धावत येणार. अर्थात तो वाजला की कलमाप्रमाणे किल्ली गेली.

सासऱ्यांनी सबंध कामात एकच गोष्ट मागितली. एकदा पेपर खाली करून म्हणाले, "एक आरसा लावा. मागचं दिसायला."

"काका, हरीण पुढे असणार," मित्र म्हणाला. "आरसा फेज टूमध्ये घेऊ."

"बरं," सासरे म्हणाले आणि पेपर वर केला.

चाचणीच्या दिवशी तो खांब आडवा आला तेव्हा कळलं की मोठ्या चाकांमुळे हँडल पुरतं वळतच नाही. गाडी सरळ जाई, सरळ मागे येई, आणि वळायचं म्हटलं तर तिला फुटबॉलचं मैदान लागे. तेही आम्ही फेज टूमध्ये टाकलं.

मोहिमेचा दिवस दसऱ्याचा निघाला. पहाटे व्हॉइड डेकवर गाडी पुजली. कुंकू, अक्षता, नारळ. आणि आदल्या दिवशी लिटल इंडियातून आणलेला झेंडूचा हार बायकोने स्वतःच्या हाताने हँडलपासून टोपलीपर्यंत बांधला. चांगला मनगटाएवढा जाड, केशरी, दहाव्या मजल्यावरून दिसणारा. इथे जरा थांबा. आम्ही गाडी हिरवी केली होती. तिचा आवाज मारला होता. सासऱ्यांना बिनवासाच्या साबणाने आंघोळ घातली होती. आणि मग तिच्यावर ताज्या झेंडूची दिवाळी टांगली. दोन इंजिनिअर आणि एक निवृत्त बँक अधिकारी हात जोडून उभे होते. कुणालाही काही वावगं दिसलं नाही. दसऱ्याला बिनहाराची गाडी काढली असती तर मात्र तिघांनाही चटकन दिसलं असतं.

भाड्याच्या व्हॅनमधून गाडी जंगलाच्या तोंडाशी नेली. उजाडत होतं. सासऱ्यांनी टोपी घातली, खिशावरून हात फिरवून किल्ली चाचपली. बायको सवयीने त्यांचं कोपर धरायला पुढे झाली.

"सोड," ते म्हणाले.

तिने सोडलं. गाडी खडीवरून खुरखुरत गेली, झाडीत केशरी रंग बराच वेळ दिसत राहिला, मग तोही गेला.

पुढचं जे घडलं तिथे मी नव्हतो, त्यामुळे मला ते जास्त नीट आठवतं.

वाट शेवटी अरुंद होत गेली आणि एका तुटलेल्या फांदीपाशी थांबली. सासऱ्यांनी चहा ओतला. कॅमेरा लांबवरच्या गवताकडे रोखला, जिथे हरीण असणार असं आमचं ठरलं होतं. आणि सांबर आलं ते बाजूच्या झुडपातून, थेट टोपलीपाशी. सासऱ्यांच्या मूळ सांगण्यात ते म्हशीएवढं होतं. व्हॅन टॅम्पिनीसला पोचेपर्यंत त्याला शिंगं आली. आज मी सांगतो तेव्हा ते डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर डोकावतं. पण एवढं पक्कं की त्याने हार हुंगला, आणि एक फूल खाल्लं. मग दुसरं. कॅमेऱ्याची लेन्स जोहोरपर्यंत बघणारी. हातभर अंतरावरचं तिला काहीच दिसेना. सासऱ्यांनी बटण दाबलं, कॅमेऱ्याचं, तेव्हा त्यात नुसता तपकिरी धुरळा आला. सांबर खात खात हँडलकडे सरकलं. त्याचं नाक लाल बटणापासून वीतभर. गाडी त्याच्या धक्क्याने हलत होती.

इकडे आम्ही व्हॅनपाशी. बायको आधी बसली, मग उभी राहिली, मग वाटेच्या तोंडाशी गेली.

"भोंगा नाही वाजला," मी म्हणालो.

"तेच तर! वाजवतीलच कसे? पडले असतील तर?" ती ओरडली. जलाशयाकाठची सगळी माकडं पलीकडच्या किनाऱ्याला गेली. "किल्लीपायी जीव देतील, पण बटण दाबायचे नाहीत! बाबा! बाबा!"

ती धावत सुटणार इतक्यात झाडीतून गाडी आली. उलटी. आधी सासऱ्यांची पाठ, मग टोपी, मग हँडल. वळता येत नव्हतं आणि पुढे सांबर उभं होतं, म्हणून ते सबंध वाट मागे मागे आले होते. हँडलच्या टोकाला त्यांचा दाढीचा आरसा पायजम्याच्या नाडीने बांधलेला. तो त्यांनी घरून खिशात घालून आणला होता आणि आत गेल्यावर बसवला होता. आमच्यासमोर बसवला असता तर आम्हाला वाईट वाटलं असतं, असं ते नंतर म्हणाले.

कुणाच्या मदतीशिवाय, काठी टेकत ते उतरले. हाराचा फक्त दोरा उरला होता, ओला आणि लाळेने चिकट. बायकोने कॅमेरा बघितला.

"बाबा, यात हरीण नाहीये."

"नाही," ते म्हणाले. "जवळ फार आलं." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. करार तो करार. घासाघीस जराही केली नाही. मी वाट बघत होतो, कारण ते ती करतील अशी मला आशा होती, म्हणजे मला मध्ये बोलता आलं असतं.

बायकोने किल्लीकडे बघितलं. आरशाकडे बघितलं. दोरा हातात घेऊन त्याची गाठ बघितली, जी पहाटे तिने स्वतः मारली होती. मग किल्ली परत त्यांच्या खिशात घातली आणि वर खिशाचं बटणही लावलं. व्हॅनमध्ये बसल्यावर तिने भावाला फोन केला. "भाडेकरूला नाही म्हणून सांग. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घे. हो, दोन्हीकडे. आणि तो बसवण्याआधी बाबांना विचार कुठे हवा ते."

माझा मित्र खिडकीबाहेर बघत राहिला. मीही.

टॅम्पिनीसची वळणं आली तेव्हा ती मागे वळली. आवाज एकदम खाली आला होता, इतका की मला तो ओळखू आला नाही.

"बाबा, एवढं मोठं जनावर अंगावर आलेलं. भीती नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग निदान त्याला हाकलायला तरी भोंगा वाजवायचा!"

सासऱ्यांनी डब्यातली उरलेली दशमी काढली आणि तिचा तुकडा मोडला.

"ते जेवत होतं," ते म्हणाले.