पंचामृतातले सुवर्णभस्म

हे लिहावेसे वाटत नाही. परंतु झालेली कृपा सांगायची, तर आधी केलेले पाप सांगावे लागते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात मी आयुष्यभर रसायने तपासली. तपासणीवाचून एकही पिंप आत घेतले नाही. गेल्या वर्षी पत्नीला स्तनाचा कर्करोग निघाला आणि ठाण्याच्या एका रुग्णालयात केमोथेरपी सुरू झाली. तिची श्रद्धा अढळ राहिली, माझी डळमळली. त्याच सुमारास वर्तमानपत्रात वाचले, की सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीत पोहोचवून, त्यांवर प्रकाश टाकून गाठ जाळण्याचे प्रयोग चालू आहेत. मला वाटले, सुवर्णभस्म तर आपल्या आयुर्वेदात आहेच. कल्याणच्या एका विक्रेत्याकडून पुडी आणली. ती तपासली नाही. डॉक्टरांनी न सांगितलेले औषध पत्नी घेणार नाही, हे ठाऊक होते. म्हणून रोज पूजेनंतर पंचामृतात चिमूटभर मिसळून तिच्या तळहातावर देऊ लागलो. तीर्थ म्हणून ती डोळे मिटून घेई.

काही आठवड्यांनी तिच्या यकृताचे अहवाल बिघडले. पुढचा डोस थांबला. डॉक्टरबाईंनी विचारले, "बाहेरचं काही घेता का?"

"नाही हो. देवाचं तीर्थ तेवढं," ती म्हणाली. मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो.

तिला तपासणीसाठी आत नेले. मी बाकावर नामस्मरण करू लागलो. नाम जिभेवर टिकेना. शेजारी दिवा गावाहून सासूला घेऊन आलेली एक अनोळखी बाई डबा खात होती.

"काका, किती पुटपुटताय. आमच्या सासूबाई पण असंच करायच्या. नंतर कळलं, कुठलीतरी मुळी लपवून खात होत्या."

"मग?"

"मग काय, मीच डॉक्टरांना सांगून टाकलं. आठवडाभर अबोला धरला म्हातारीने. पण अबोला धरायला जिवंत आहे ना."

मी उठलो आणि डॉक्टरबाईंना सर्व सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, ते कण प्रयोगशाळेत ठरावीक आकाराचे घडवतात. तेही अजून बहुतांशी संशोधनातच आहे. या पुडीत काय आहे, कोणाला माहीत?" हे वाक्य कारखान्यात मी शेकडो वेळा उच्चारले होते.

भस्म बंद झाले. यकृत सावरले, उपचार पुन्हा सुरू झाले. दोष भस्माचाच होता, असे त्यांनी ठामपणे सांगितले नाही. मी त्या शंकेचा आडोसा घेत नाही.

डॉक्टरबाईंना सांगितले, त्याच संध्याकाळी पत्नीलाही सांगितले. ती म्हणाली, "औषध लपवलंत, ते समजू शकते. पण अहो, तीर्थातून?"

ती बाई पुन्हा दिसली नाही. तिला कोणी धाडले, याचा वाद मी घालत नाही. देवावर भार टाकला असे म्हणत मी त्याच्याच नावाने आपला हट्ट चालवत होतो, एवढे मला कळले. पत्नी पूर्ण बरी होईल की नाही, हे अजून ठरायचे आहे. ती मला आपल्याजवळ बसू देते. मी मान खाली घालून बसतो.